घड्याळ म्हणतं ताण ६८. कशावरून?

मनगटावरचं घड्याळ आता वेळेसोबत ताणही सांगतं. शून्य ते शंभरच्या मोजपट्टीवर आज तुमचा स्ट्रेस ६८, कालच्यापेक्षा जास्त, जरा थांबा, दोन मिनिटं खोल श्वास घ्या. स्वस्तातल्या फिटनेस बँडपासून महागड्या स्मार्टवॉचपर्यंत बहुतेकांत ही सोय आली आहे, आणि खूप लोक हा आकडा रक्ततपासणीच्या रिपोर्टइतक्या विश्वासाने वाचतात.

२०२५ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठातल्या संशोधकांनी या आकड्याची परीक्षा घेतली. सुमारे ८०० विद्यार्थ्यांनी तीन महिने गार्मिन कंपनीचं व्हिवोस्मार्ट ४ हे घड्याळ घातलं. दिवसातून चार वेळा त्यांना फोनवर प्रश्न यायचा, आत्ता कसं वाटतंय, किती ताण आहे. मग घड्याळाच्या नोंदी आणि विद्यार्थ्यांची उत्तरं शेजारी शेजारी ठेवली. झोपेच्या बाबतीत दोन्ही बऱ्यापैकी जुळलं, थकव्याच्या बाबतीत थोडंफार. ताणाच्या बाबतीत मात्र घड्याळाचा आकडा आणि माणसाचं उत्तर यांचा संबंध जवळजवळ शून्य निघाला.

बातमी वाचून अनेकांनी निष्कर्ष काढला की ही घड्याळं फसवी आहेत. माझं मत वेगळं आहे. घड्याळ काहीतरी खरंच मोजतं, आणि बसल्या जागी तरी बऱ्यापैकी नीट मोजतं. गडबड होते ती मोजून झाल्यानंतर, त्या मोजमापाला ‘ताण’ हे नाव देताना. तो टप्पा नीट समजून घ्यायला हवा, कारण हा आकडा उद्या फक्त आपल्याच डोळ्यांसमोर राहील याची खात्री नाही.

## ताण आला की शरीर काय करतं

बॉसने अचानक केबिनमध्ये बोलावलं, रस्त्यात समोरून भरधाव ट्रक आला किंवा दहावीचा निकाल लागायला पाच मिनिटं उरली, तर शरीर जवळपास एकच तयारी करतं. हृदय जोरात धडधडतं, श्वास भरभर होतो, तळहातांना घाम येतो, बोटं गार पडतात. हार्वर्डमधले शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या सुमारास या तयारीचं वर्णन ‘लढा किंवा पळा’ असं केलं. संकटाशी झुंजायला किंवा तिथून पळायला स्नायूंना जास्त रक्त लागतं, त्याची ही व्यवस्था.

ती चालवणाऱ्या नसांच्या जाळ्याला स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात. स्वायत्त म्हणजे आपल्या इच्छेची वाट न पाहणारी. तिच्या दोन शाखा आहेत. एक शरीराला सज्ज करते, दुसरी शांत करते. दोन्ही सतत चालू असतात आणि कधी हिचा जोर, कधी तिचा, असं दिवसभर चालतं.

याशिवाय एक संथ मार्ग आहे. मेंदूकडून निरोप निघतो, मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोचतो आणि तिथून कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात येतं. प्रसंग घडल्यावर लाळेतलं कॉर्टिसॉल वाढून शिखरावर जायला साधारण २० ते ३० मिनिटं लागतात. घाम मात्र काही सेकंदांत येतो.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवायला हवी. शरीराची ही सज्जता फक्त दुःखाच्या किंवा भीतीच्या वेळी होत नाही. भारत-पाकिस्तान सामन्याच्या शेवटच्या षटकात हेच होतं. विसर्जन मिरवणुकीत ढोल वाजवणाऱ्याला हेच होतं. आवडत्या माणसाचा फोन आला तरी हेच होतं.

## मनगटावरून यातलं काय दिसतं

घड्याळ काढून मागची बाजू पाहिली तर हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. हृदयाचा ठोका पडला की मनगटातल्या बारीक वाहिन्यांत रक्त वाढतं आणि परत येणारा प्रकाश कमी होतो. दोन ठोक्यांच्या मध्ये तो पुन्हा वाढतो. दिव्याशेजारचा सेन्सर हा चढउतार टिपतो आणि त्यावरून ठोके मोजतो.

ताण ओळखण्यासाठी ठोक्यांच्या संख्येपेक्षा त्यांच्यातलं अंतर जास्त कामाचं असतं. नाडी मिनिटाला ६० असली तरी दर ठोका बरोबर एका सेकंदाने पडत नाही. कधी ०.९४ सेकंद, कधी १.०५. श्वास आत घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांबतात. या चढउताराला हृदयगतीतली बदलशीलता म्हणतात. ॲपमध्ये ती ‘एचआरव्ही’ नावाने दिसते. शांत करणाऱ्या शाखेचा जोर असताना ही बदलशीलता जास्त असते. सज्ज करणाऱ्या शाखेने ताबा घेतला की ठोके जवळजवळ आणि एकसारख्या अंतराने पडू लागतात. बहुतेक घड्याळांचा ताणाचा आकडा मुख्यतः यावरच उभा असतो.

काही उपकरणांत त्वचेचं विद्युतवहन मोजण्याची सोय असते. घाम खारट असतो, त्यामुळे घर्मग्रंथी भरल्या की त्वचेतून वीज थोडी अधिक सहज वाहते. इतका सौम्य प्रवाह सोडतात की तो जाणवतही नाही. ही कल्पना नवी नाही. फ्रेंच डॉक्टर शार्ल फेरे यांनी १८८८ मध्येच दाखवलं होतं की माणसाच्या भावना चाळवल्या की त्वचेतून जाणारा प्रवाह बदलतो. २०२० मध्ये आलेल्या फिटबिट सेन्स या घड्याळात हाच सेन्सर होता. त्याच्या कडांवर तळहात ठेवून बसायचं होतं. तळहातच का? कारण तळहात आणि तळपायांवर घर्मग्रंथी दाटीने असतात आणि तिथला घाम उकाड्यापेक्षा मनःस्थितीला जास्त प्रतिसाद देतो. मनगटावर हे इतकं स्वच्छ दिसत नाही.

त्वचेचं तापमान आणि हाताची हालचाल यांचीही नोंद होते. हालचाल कळणं गरजेचंच असतं, नाहीतर जिना चढणं आणि घाबरणं यातला फरक यंत्राला समजणारच नाही. म्हणून व्यायाम चालू असताना काही घड्याळं ताणाचा आकडा दाखवतच नाहीत.

## मग ‘ताण’ हे नाव कुठून आलं

शेजारच्या घरातून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. किती झाल्या ते तुम्ही अचूक सांगू शकता. आत डाळ आहे की बटाटे, आणि जेवायला पाहुणे येणार आहेत की रोजचाच स्वयंपाक आहे, हे शिट्ट्यांवरून कळत नाही. घड्याळाला ऐकू येतात त्या शिट्ट्या. मनात काय शिजतंय, ते सॉफ्टवेअर अंदाजाने सांगतं.

हा अंदाज बांधायला सॉफ्टवेअरला शिकवावं लागतं, आणि त्यासाठी माणसांना मुद्दाम ताण द्यावा लागतो. याची सर्वांत प्रसिद्ध पद्धत जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात तयार झाली आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. नोकरीच्या मुलाखतीला आलो आहोत असं समजून परीक्षकांपुढे पाच मिनिटं बोलायचं. परीक्षक हसत नाहीत, मान डोलवत नाहीत, कोऱ्या चेहऱ्याने बघत राहतात. नंतरची पाच मिनिटं तोंडी गणित. १०२२ मधून १३ वजा करा, उत्तरातून पुन्हा १३, पुन्हा १३. चुकलात तर परत १०२२ पासून सुरुवात. ज्यांनी कधी तोंडी परीक्षा दिली आहे त्यांना तेव्हा काय होत असेल हे वेगळं सांगायला नको. बहुतेकांचं कॉर्टिसॉल यात खरोखर वाढतं.

२०१८ मध्ये जर्मनीतल्याच संशोधकांनी १५ जणांवर हा प्रयोग केला. छातीवर आणि मनगटावर सेन्सर लावले आणि सगळ्या नोंदी इतर संशोधकांसाठी खुल्या केल्या. ‘वेसॅड’ नावाचा हा नोंदसंच पुढे जगभर वापरला गेला. ‘आमचं तंत्र ताण ९० टक्क्यांहून अधिक अचूक ओळखतं’ अशी बातमी वाचाल तेव्हा मागे बऱ्याचदा असाच एखादा नोंदसंच असतो.

मूळ अभ्यासातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ‘ताण आहे की नाही’ एवढंच विचारलं तेव्हा यंत्र ९३ टक्क्यांपर्यंत बरोबर आलं. पण त्याच लोकांना विनोदी व्हिडिओही दाखवले होते. साधी स्थिती, ताण आणि करमणूक असे तीन पर्याय दिल्यावर अचूकता ८० टक्क्यांवर आली. हे सगळं एका खोलीत, बसलेल्या-उभ्या माणसांवर, चांगले सेन्सर लावून. पर्याय तीन झाले तर एवढी घसरण. रोजच्या आयुष्यात ते तीनशे असतात.

## खोलीबाहेर पडल्यावर

सकाळी रिकाम्या पोटी कडक चहा-कॉफी, रात्रीची अपुरी झोप, मद्य, अंगात मुरलेला ताप, वैशाखातलं ऊन, पोटभर जेवण, यातल्या कशानेही ठोक्यांमधली बदलशीलता घटू शकते आणि आकडा वर जाऊ शकतो. मासिक पाळीच्या उत्तरार्धात अनेक स्त्रियांची बदलशीलता कमी होते. त्या दिवसांत घड्याळ ताण जास्त दाखवू शकतं, मन शांत असलं तरी. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर हृदयाचा प्रतिसादच बदललेला असतो. पट्टा सैल असला, गर्दीच्या लोकलमध्ये दांडा धरून उभं राहताना हात हिंदकळला, की मूळ सिग्नलच बिघडतो. काही माणसांच्या त्वचेचं विद्युतवहन तर काही केल्या फारसं बदलतच नाही.

उलट बाजूही आहे, आणि मला ती जास्त चिंतेची वाटते. डोक्यावर कर्ज आहे, घरात कोणी दीर्घ आजारी आहे, कामावरून कधी काढतील याचा नेम नाही. असा ताण महिनोन् महिने चालतो. तो दर पाच मिनिटांनी घाम फोडत नाही. खुर्चीत निश्चल बसून छताकडे पाहणाऱ्या माणसाला घड्याळ ‘विश्रांती’ असा शेरा देऊ शकतं.

## ‘लोकांना स्वतःचा ताण तरी कुठे कळतो?’

लायडनच्या निष्कर्षावर हा आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. माणसं संकोचाने ‘ठीक आहे’ म्हणतात, घाईत फोनवर काहीही दाबतात, आणि काहींना शरीर थकल्यावरच कळतं की आपण ओढाताणीत आहोत. तेव्हा उत्तर चुकीचं आणि घड्याळ बरोबर, असंही काही वेळा असू शकतं.

पण यावरून फार तर एवढं सिद्ध होतं की दोघं दोन वेगळ्या गोष्टी सांगत आहेत. एक शरीराची सज्जता सांगतो, दुसरा अनुभव. मानसिक ताण म्हणजे समोरच्या प्रसंगाला आपण पुरे पडू की नाही याबद्दलचा आपलाच अंदाज, आणि तो अंदाज मनगटात नसतो. त्यामुळे चांगले अभ्यास दोन्ही घेतात. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमध्ये २०१३ साली ४८ विद्यार्थ्यांचा दहा आठवडे अभ्यास झाला. फोनचे सेन्सर झोप, हालचाल आणि बोलणं यांचा अंदाज घेत आणि मध्येमध्ये विद्यार्थ्यांना थेट विचारलंही जाई. सत्र सरत गेलं, अभ्यासाचा बोजा वाढला, तशी झोप आणि बोलणंचालणं घटलं आणि ताण वाढला, हे त्यातून दिसलं. प्रश्न विचारलेच नसते तर कमी बोलणारा मुलगा उदास आहे की परीक्षेच्या तयारीत, हे कळायला मार्ग नव्हता.

## ‘मग सरळ कॉर्टिसॉलच मोजा ना’

त्यावर काम चालू आहे. अमेरिकेतल्या कॅल्टेकमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये घामातलं कॉर्टिसॉल मोजणारा ग्राफीनचा, म्हणजे कार्बनच्या अतिपातळ थराचा, सेन्सर दाखवला. रक्त न काढता हे जमणं ही मोठी गोष्ट आहे, पण त्यानेही मूळ अडचण संपत नाही. कॉर्टिसॉलचं स्वतःचं वेळापत्रक असतं. पहाटेपासून ते चढतं, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखरावर असतं आणि रात्री अगदी खाली येतं. व्यायामानेही ते वाढतं. सकाळी सातला जास्त भरलं तर तो ताण नव्हे, ती सकाळ आहे.

## उपयोग कुठे होतो

इतकं वाचून घड्याळ काढून ठेवायचं ठरवू नका. प्रसंग ठरलेला असेल आणि प्रश्न नेमका असेल तिथे हे सेन्सर छान काम करतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जेनिफर हीली आणि रोझलिंड पिकार्ड या संशोधकांनी बॉस्टन परिसरात गाडी चालवणाऱ्यांना सेन्सर लावले. थांबलेली गाडी, मोकळा हमरस्ता आणि शहरातली गर्दी या तीन पातळ्या पाच-पाच मिनिटांच्या नोंदींवरून ९७ टक्क्यांहून अधिक वेळा ओळखता आल्या. माणूस काय करतोय हे आधीच माहीत होतं, म्हणून हे शक्य झालं.

पिकार्ड यांच्याच प्रयोगशाळेतला एक विद्यार्थी सुट्टीत घरी जाताना मनगटी सेन्सर घेऊन गेला. धाकटा भाऊ स्वमग्न होता, बोलत नव्हता. त्याला कशाचा त्रास होतो हे तरी कळावं, ही इच्छा. नोंदींत एके ठिकाणी एका मनगटाचा आलेख प्रचंड उसळलेला दिसला आणि दुसऱ्याचा शांत. दोन्ही हात एकाच माणसाचे असताना हे कसं, म्हणून पिकार्ड यांनी चौकशी केली, तेव्हा कळलं की त्याच सुमारास भावाला फिट आली होती. त्या धाग्यावरून पुढे रुग्णालयांत अभ्यास झाले आणि फिट ओळखून घरच्यांना कळवणाऱ्या मनगटी पट्ट्याला २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाची परवानगी मिळाली. ताण शोधायला नेलेला सेन्सर आज अपस्माराच्या रुग्णांच्या कामी येतोय.

स्वतःपुरता वापर करायचा असेल तर एका दिवसाच्या आकड्याकडे पाहू नका आणि दुसऱ्याशी तुलना तर मुळीच करू नका. बदलशीलता वयाप्रमाणे आणि माणसागणिक फार वेगळी असते. तुमचे ३० आणि बहिणीचे ७० यातून काहीच निघत नाही. तुमचाच मागच्या दोन-तीन आठवड्यांचा रात्रीचा आलेख बघा. झोपेत चहा, हालचाल, बोलणं हे गोंधळ कमी असतात. तो आलेख सलग बरेच दिवस बिघडलेला दिसला तर आपण आजारी पडतोय, झोप कमी पडतेय की खरंच ओढाताण चालू आहे, हे स्वतःला विचारायला ते निमित्त पुरेसं आहे.

घड्याळ सुचवतं तो संथ श्वास चांगलाच आहे. मिनिटाला साधारण सहा श्वास घेतले की बदलशीलता वाढते आणि आकडा उतरतो. कर्जाचा हप्ता मात्र तेवढाच राहतो, हेही लक्षात असू द्या. आणि आकडा २० असताना जगणं नकोसं वाटत असेल तर आकड्यावर विश्वास ठेवू नका. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

## ऑफिसने घड्याळ वाटलं तर

कंपनी ‘वेलनेस’ योजनेत सर्वांना बँड देते. विमा कंपनी पावलं मोजून हप्त्यात सूट देते. पुढची पायरी ताणाच्या आकड्याची असू शकते. डिसेंबर २०२४ मध्ये नोएडातल्या एका कंपनीचा ईमेल समाजमाध्यमांवर फिरला. ताण असल्याचं सर्वेक्षणात सांगणाऱ्या कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केल्याचं त्यात लिहिलं होतं. लोक संतापल्यावर कंपनीने खुलासा केला की कोणालाही काढलेलं नाही, ही जागृतीसाठीची मोहीम होती. तो ईमेल इतक्या लोकांना खरा वाटला, यातच कर्मचाऱ्यांच्या मनातली भीती दिसते. सर्वेक्षणात निदान खोटं उत्तर देता येतं. मनगटाला ते जमत नाही.

हेच सेन्सर आपल्या न्यायव्यवस्थेने आधी पाहिलेले आहेत. पॉलिग्राफ, म्हणजे लोक ज्याला लाय डिटेक्टर म्हणतात ते यंत्र, श्वास, रक्तदाब आणि त्वचेचं विद्युतवहन मोजतं. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं की अशी चाचणी कोणावरही त्याच्या इच्छेविरुद्ध करता येणार नाही. गुन्ह्याच्या तपासात आरोपीला जे संरक्षण आहे, ते नोकरी करणाऱ्याला ऑफिसात कसं मिळणार, हा प्रश्न मात्र मोकळाच आहे.

युरोपीय संघाने एआय कायद्यात कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत शारीरिक नोंदींवरून भावना ओळखणाऱ्या प्रणालींवर बंदी घातली. ती २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू आहे. वैद्यकीय आणि सुरक्षिततेची कारणं तिला अपवाद आहेत. वेदना आणि थकवा यांना हा कायदा भावना मानत नाही, त्यामुळे वैमानिक पेंगतोय का हे तपासता येतं. ताण या सीमेच्या कोणत्या बाजूला पडतो यावर वाद घालायला तिथे जागा आहे.

भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा आहे. संमती मोकळेपणाने, विशिष्ट कारणासाठी आणि माहिती देऊन घेतलेली असावी, असं तो म्हणतो. पण आरोग्यविषयक माहितीसाठी त्यात वेगळा, कडक वर्ग नाही, आणि नोकरीशी संबंधित काही कारणांसाठी संमतीविनाही माहिती वापरण्याची मुभा आहे. ज्याच्या हातात पगारवाढ आहे त्याने दिलेला फॉर्म किती मोकळेपणाने सही होतो, हे प्रत्येक नोकरदाराला ठाऊक आहे.

‘वाहनचालक किंवा क्रेनचालक यांच्या बाबतीत तरी हे हवंच ना?’ असं विचारलं जातं. झोप आणि थकवा ओळखण्यासाठी, हो. तिथे जीव जाण्याचा धोका असतो आणि पेंग ओळखणं ताणाइतकं संदिग्ध नसतं. पण त्याच नोंदीतून ‘हा चालक तणावग्रस्त दिसतो’ असा शेरा त्याच्या फाइलवर जाणं वेगळं. बसच्या फेऱ्या वाढवून विश्रांती कमी केली असेल तर दुरुस्ती वेळापत्रकात करायची असते.

तेव्हा बँड हातात पडला की एचआरला लेखी विचारा: कच्च्या नोंदी कोणाच्या सर्व्हरवर जातात? माझ्या नावासकट माझा आकडा कोण पाहू शकतो, माझा मॅनेजर त्यात आहे का? मूल्यमापनात किंवा विम्यात तो वापरणार नाही, असं तुम्ही लिहून देता का? नोकरी सोडल्यावर नोंदी कधी पुसल्या जातील? आणि बँड घातलाच नाही, तर माझं काय नुकसान होईल?